शाळा व्यवस्थापन समितीचे वर्षभराचे काम : नव्या सदस्यांसाठी मार्गदर्शन

शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली म्हणजे महिन्यातून एकदा शाळेत जाऊन इतिवृत्तावर सही करायची, अशी समजूत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अनेक गावांत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या कलम २१ ने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तीन कामे या समितीवर सोपवली आहेत. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेला तो ही समिती स्थापन करायला लावतो. पुढील मार्गदर्शन मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या समित्यांसाठी आहे. नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांमध्ये वरिष्ठ कार्यालये वेगळी असली, तरी समितीचे रोजचे काम जवळपास असेच असते.

रचना आणि निवड

समितीत १२ ते १६ सदस्य असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के हे शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आई, वडील किंवा पालक असावे लागतात, म्हणजे १२ जणांच्या समितीत नऊ पालक येतात. उरलेल्या जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला सदस्य, शाळेतील शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासाचा जाणकार यांना स्थान असते. एकूण सदस्यांत निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-सचिव असतात, तर अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडायचा असतो. समितीची मुदत दोन वर्षांची असते.

निवड पालकसभेत व्हावी आणि त्या सभेची सूचना मुलांच्या वहीत लिहून, तसेच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून आधी दिलेली असावी. आपल्या भागात गावकीचे राजकारण जागते असते. सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतले गट शाळेच्या समितीतही उतरतात आणि अध्यक्षपद हा मानाचा विषय होतो. हे पूर्णपणे टाळता येईल असे नाही, परंतु पालकसभेत इयत्तावार पालक निवडण्याची पद्धत ठेवली तर गटाची नावे मागे पडतात आणि मुलाची इयत्ता पुढे येते. पहिलीच्या मुलाचे पालक समितीत असणे विशेष उपयोगाचे ठरते, कारण पूर्ण मुदतभर त्यांचे मूल त्या शाळेत असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

महिला सदस्यांविषयी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. जी आई सदस्य आहे तिनेच बैठकीला बसावे, तिनेच बोलावे आणि तिनेच सही करावी. तिच्या वतीने पतीने किंवा दिराने हजेरी लावलेली बैठक इतिवृत्तात ग्राह्य धरू नये. स्वच्छतागृहाला कडी नाही किंवा मुली दुपारनंतर पाणी पीत नाहीत, या गोष्टी आयांना घरी कळतात, वडिलांना बहुधा कळत नाहीत. ज्या समितीत त्या प्रत्यक्ष बोलतात, तिच्या ठरावांचे विषयच वेगळे असतात.

बैठक कशी घ्यावी

बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी. तारीख दर महिन्याला नव्याने ठरवण्यापेक्षा पहिल्याच बैठकीत वर्षभरासाठी एक वार आणि एक वेळ निश्चित करावी. तो वार गावच्या आठवडी बाजाराचा नसावा. दूध घालण्याच्या वेळा सांभाळाव्यात, कारण सकाळी डेअरीत रांगेत असलेला पालक शाळेत येऊ शकत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यातील पालकांचे दिवस तोड आणि वाहतुकीच्या मागे जातात. त्या काळात शाळा सुटण्याच्या सुमाराची बैठक अधिक भरते, असा अनेक शाळांचा अनुभव आहे. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड बोलणारे पालक मराठी शाळांतही असतात. तेथे सूचना दोन्ही भाषांत काढणे हा सदस्यांचा हक्कच समजावा.

सूचनेसोबत विषयपत्रिका दिली पाहिजे. पाच-सहा विषयांपेक्षा अधिक विषय घेऊ नयेत, कारण लांबलेल्या बैठकीत शेवटचे विषय नुसते वाचून दाखवले जातात आणि नेमके खर्चाचे विषय शेवटी असतात. क्रम असा ठेवल्यास काम सुकर होते : आधी मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, लगेच मागील ठरावांवर काय झाले याचा आढावा, त्यानंतर महिन्याचा जमाखर्च, पटसंख्या व हजेरी, शालेय पोषण आहार आणि शेवटी नवीन विषय. समितीत विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधीही निमंत्रित असतात आणि त्यांत किमान एक मुलगी असते. त्यांना बैठकीच्या सुरुवातीला बोलू द्यावे. मोठ्यांची चर्चा रंगल्यावर मूल बोलत नाही.

इतिवृत्त बैठकीतच लिहावे. कोऱ्या पानावर सह्या घेऊन नंतर मजकूर भरण्याची पद्धत जेथे असेल तेथे नव्या सदस्यांनी ती पहिल्याच महिन्यात थांबवावी आणि त्यासाठी मुख्याध्यापकांशी वाद घालण्याची आवश्यकता नसते. 'मजकूर लिहून झाल्यावर वाचून दाखवावा, मग आम्ही सही करू' एवढे शांतपणे म्हटले की पुरते. पुष्कळदा मुख्याध्यापकांवर ऑनलाइन माहिती भरण्याचा इतका भार असतो की इतिवृत्त मागे पडते. अशा वेळी लिहिता येणाऱ्या एखाद्या सदस्याने लेखनाची जबाबदारी घ्यावी आणि सदस्य-सचिवांनी ते तपासून त्यावर सही करावी.

ठराव, पत्र आणि पोच

समितीचे बहुतेक अपयश येथे असते, म्हणून या भागाकडे अधिक लक्ष द्यावे. ठराव मंजूर होतो, इतिवृत्तात लिहिला जातो आणि वही कपाटात जाते. वरच्या कार्यालयाला त्या ठरावाचा पत्ताच नसतो. दोन वर्षांनी तोच ठराव पुन्हा मांडला जातो आणि सदस्यांना वाटते की शासन ऐकत नाही.

ठराव लिहिताना कोणती अडचण आहे, काय हवे आहे, कोणाकडे मागायचे आहे, पत्र कोण देणार आणि किती दिवसांत देणार हे पाचही मुद्दे त्यात आले पाहिजेत. नमुन्यादाखल असा ठराव पाहावा : 'मुलींच्या स्वच्छतागृहात नळजोड नसल्यामुळे मुलींना बाहेरून पाणी आणावे लागते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा वाहिनीवरून नळजोड मिळावा, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीकडे आठ दिवसांच्या आत करावी. पत्र देण्याची जबाबदारी सदस्य-सचिवांची आणि पाठपुराव्याची जबाबदारी अध्यक्षांची राहील. पुढील बैठकीत या ठरावाचा आढावा प्रथम घ्यावा. सर्वानुमते मंजूर.' खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहावीत. 'शाळेच्या भौतिक सुविधांबाबत चर्चा झाली' अशा वाक्याने कोणालाही काहीच करावे लागत नाही.

ठरावानंतर पत्र लिहिले जाते, त्याला शाळेच्या जावक नोंदवहीचा क्रमांक पडतो आणि संबंधित कार्यालयात पत्र दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन पोच आणली जाते. ही पोच इतिवृत्ताच्या त्याच पानाला चिकटवून ठेवावी. पुढच्या बैठकीत 'काय झाले' हे विचारताना ते पान उघडे असते आणि चर्चा तोंडी आठवणींवर जात नाही. पत्राला उत्तर आले नाही, तर एका महिन्याने स्मरणपत्र द्यावे आणि त्यात मूळ पत्राचा जावक क्रमांक नमूद करावा.

कोणाकडे जायचे याचा क्रमही माहीत असावा. केंद्रप्रमुख, त्यानंतर पंचायत समितीतील विस्तार अधिकारी व गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, असा हा मार्ग आहे. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती ही विषय समिती असून, आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्यामार्फत तेथे विषय मांडता येतो. सगळेच प्रश्न या मार्गाने मात्र जात नाहीत. नळजोड, कुंपण, रस्ता, मैदानाचे सपाटीकरण, वीजबिल यांसारखे विषय ग्रामपंचायतीकडे लवकर मार्गी लागतात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या ग्रामसभांपैकी ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी होते, म्हणून समितीचा ठराव सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतीकडे पोहोचला पाहिजे आणि ग्रामसभेला समितीच्या किमान दोन-तीन सदस्यांनी उपस्थित राहून तो विषय वाचला जातो की नाही हे पाहिले पाहिजे.

पैशांचा हिशेब

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते. केंद्राच्या निकषांनुसार ते पटसंख्येवर ठरते : ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १,००,००० रुपये. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेच्या कामांवर खर्च करावयाची असते. रक्कम प्रत्यक्षात किती आणि कधी आली हे दर वर्षी पंचायत समितीकडून आलेल्या पत्रावरून तपासावे, निकषावरून गृहीत धरू नये.

आता बहुतेक देयके पीएफएमएस या संगणकीय प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. त्यामुळे धनादेशावर सही करताना होणारी विचारपूस कमी झाली आहे आणि समितीची देखरेख खर्चाच्या आधी होणे अधिक गरजेचे झाले आहे. खर्चाची गरज बैठकीत मांडावी, मोठ्या खरेदीसाठी दरपत्रके मागवून तुलना करावी, ठराव घ्यावा, वस्तू आल्यावर दोन सदस्यांनी ती मोजून व पाहून घ्यावी आणि मगच देयक पुढे जावे. वस्तूची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, झाली की नाही हे पाहावे. कॅशबुक, देयकांची फाइल आणि बँकेचे पासबुक किंवा खातेउतारा ही तीन कागदपत्रे प्रत्येक बैठकीत टेबलावर असावीत आणि कोणत्याही सदस्याने ती पाहण्यास मागितली, तर तो अविश्वास मानू नये. आर्थिक वर्ष संपताना जे विनियोग प्रमाणपत्र जाते, त्यातील आकडे कॅशबुकाशी जुळवून मगच अध्यक्षांनी सही करावी.

गणवेशाची खरेदी समितीकडे असेल, तर प्रति विद्यार्थी दोन जोडांसाठी ६०० रुपये हा समग्र शिक्षाचा निकष आहे. एवढ्या रकमेत कापड आणि शिलाई दोन्ही बसवणे कठीण असते. गावातील महिला बचत गटाकडून शिवून घेतल्यास मापे मुलांच्या अंगावर घेता येतात आणि दुरुस्तीही गावातच होते.

लोकवर्गणीची परंपरा या मातीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे ती लोकांच्या श्रमदानावर व देणग्यांवर वाढवली. आजही गावची यात्रा, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा किंवा एखाद्या कुटुंबातील स्मृतिदिन यानिमित्ताने शाळेला देणगी मिळते. अशा प्रत्येक देणगीची पावती द्यावी, वस्तूरूप देणगी जडसंग्रहात लिहावी आणि वर्षातून एकदा देणगीदारांची यादी व खर्चाचा तपशील शाळेच्या दर्शनी फलकावर लावावा. वर्गणी ऐच्छिकच असली पाहिजे. प्रवेशाच्या वेळी किंवा दाखला देताना वर्गणी मागणे कायद्याला धरून नाही आणि समितीने ते होऊ देऊ नये.

शालेय पोषण आहार

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेखाली पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्यासह ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्यासह ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. समितीने येथे पाकशास्त्राचा न्याय करत बसू नये. तांदळाची पोती आली त्या दिवशी वजन करून घेणे, साठा नोंदवहीतील शिल्लक आणि खोलीतील प्रत्यक्ष शिल्लक महिन्यातून एकदा जुळवणे, हजेरीपटावरील उपस्थिती आणि आहाराच्या नोंदीतील संख्या एकच आहे का हे पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ होते. जेवण वाढण्यापूर्वी ते मोठ्या व्यक्तीने चाखून नोंदवहीत सही करायची असते. यासाठी पालकांचे वार वाटून घेतले, तर दररोज एक पालक शाळेत येतो आणि आहाराखेरीज इतर गोष्टीही त्याच्या नजरेस पडतात.

चव घेण्याचा हा नियम केवळ कागदासाठी नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली आणि त्या अन्नात कीटकनाशक आढळले होते. तासगाव, पलूस, मिरज भागातील द्राक्षपट्ट्यात घराघरांत फवारणीच्या औषधांचे डबे असतात आणि रिकामा डबा धुऊन वापरण्याची सवय पूर्णपणे गेलेली नाही. शाळेच्या स्वयंपाकगृहात मुळात औषधाच्या असलेल्या डब्यांत तेल, मीठ, पाणी काहीही ठेवले जाणार नाही, याची समितीने स्वतः आत जाऊन खात्री करावी. स्वयंपाकी व मदतनीस ताईंचे मानधन थकले असेल, तर तोही समितीच्या पत्राचा विषय आहे.

पट, हजेरी आणि बाहेरून आलेली मुले

शाळेचे भवितव्य मोठ्या प्रमाणावर ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर ठरते, कारण यू-डायस या शाळांच्या राष्ट्रीय माहिती प्रणालीतील माहिती आणि शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकांची संख्या, याच तारखेला धरून होते. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार शिक्षक मिळतात. म्हणजे ६० आणि ६१ या दोन आकड्यांत एका शिक्षकाचा फरक आहे. म्हणून ऑगस्टच्या बैठकीत प्रत्येक मुलाची नोंद, जन्मतारीख आणि आधारची पडताळणी ऑनलाइन प्रणालीत बरोबर झाली आहे का, याची इयत्तावार यादी वाचावी. ज्यांचे आधार जुळत नाही, त्या मुलांच्या पालकांना गाठण्याचे काम शिक्षकांपेक्षा समितीचे सदस्य अधिक लवकर करतात.

ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा त्यांच्याबरोबर मुलेही येतात. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात त्याच दिवशी बसवले पाहिजे. समितीने हंगाम सुरू होताच कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर जाऊन मुलांची यादी करावी आणि ती केंद्रप्रमुखांकडे द्यावी. दुसऱ्या बाजूला जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतील पालक स्वतः कामासाठी बाहेर जातात. तेथील समितीने जाण्यापूर्वी मुलाला शिक्षण हमी पत्रक (जेथे जाईल तेथील शाळेत शिकत राहण्यासाठीचे पत्रक) मिळेल हे पाहावे किंवा गावातच नातेवाइकांकडे, हंगामी वसतिगृहात राहण्याची सोय होते का याचा विचार पालकांसोबत दिवाळीपूर्वीच करावा. दिवाळीनंतर विचार करून उपयोग होत नाही, कारण तोवर कुटुंब निघून गेलेले असते.

इमारत, पाऊस आणि महापूर

मे महिन्यात समितीने शाळेची पाहणी करावी : कौले, पत्रे, भिंतींचे तडे, वीजजोडणी, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहे, कुंपण. धोकादायक वर्गखोलीत मुले बसवू नयेत आणि तिच्या निर्लेखनाचा (मोडकळीस आलेली म्हणून नोंदीतून काढून पाडण्याचा) प्रस्ताव समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवावा. अभियंत्याची पाहणी आणि जिल्हा परिषदेची मंजुरी यांस वेळ लागतो, त्यामुळे तोपर्यंत ती खोली कुलूप लावून बंद ठेवणे आणि तसा फलक लावणे ही समितीची जबाबदारी समजावी. पाटण, जावळी आणि महाबळेश्वरच्या डोंगरी वाड्यांवर पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मुलांची वाट तुटते. तेथे शाळा किती वाजता सोडायची आणि मुलांना कोण पोहोचवणार, हे जूनच्या पहिल्या बैठकीत नावानिशी लिहून ठेवावे.

कृष्णा आणि वारणेकाठच्या शाळांसाठी २०१९ आणि २०२१ चे महापूर हे धडे आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. आपल्या गावात या पातळीला पाणी कोठे येते हे जुन्या माणसांना माहीत असते आणि त्यावरून समितीने आधीच ठरवावे की नदीची पातळी किती झाली की शाळेचे दप्तर हलवायचे. सर्वांत आधी जनरल रजिस्टर हलवावे. त्यातील जात व जन्मतारखेच्या नोंदींवर गावातील पिढ्यान्‌पिढ्यांचे दाखले अवलंबून असतात आणि ते भिजले तर त्याची भरपाई कोणत्याही अनुदानातून होत नाही. त्यानंतर इतिवृत्त व कॅशबुक, मग संगणक व टीव्ही, मग धान्य. कोण हलवणार, कोणाच्या वाहनातून आणि कोणाच्या उंचावरच्या घरात, ही नावे ठरावात असावीत. जुन्या रजिस्टरांची पाने स्कॅन करून घेण्याचे काम उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांकडून करून घेता येते. पूर ओसरल्यावर टाकी धुणे, पाण्याची तपासणी आणि वीजजोडणीची तपासणी झाल्याशिवाय वर्ग भरवू नयेत, मग शाळा दोन दिवस उशिरा सुरू झाली तरी चालेल.

शाळा विकास आराखडा

कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा तो आधार मानला जातो. आराखडा तीन वर्षांचा असून त्याचे तीन वार्षिक भाग पाडायचे असतात. त्यात पुढील वर्षांचा इयत्तावार अंदाजित पट, लागणारे शिक्षक, खोल्या व साहित्य आणि जादा निधीची गरज लिहायची असते. जिल्ह्याचे वार्षिक नियोजन आर्थिक वर्षाच्या अखेरीस होते, म्हणून आराखडा डिसेंबरपर्यंत तयार झाला पाहिजे.

बहुतेक आराखड्यांत सर्व पाने बांधकामावर जातात. कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, कमान ही दिसणारी कामे असतात आणि त्यांना देणगीदारही लवकर मिळतो. परंतु तिसरीच्या वर्गातील किती मुलांना परिच्छेद वाचता येतो, किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते, हे समितीने वर्गशिक्षकांकडून नावे न घेता केवळ संख्येत विचारावे आणि ती संख्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावी. शिक्षकांना कमीपणा वाटेल अशा रीतीने हा विषय काढू नये. त्यांना कोणती मदत हवी, हे त्याच बैठकीत विचारावे. अनेकदा उत्तर साधे असते : वाचनासाठी गोष्टींची पुस्तके हवीत, किंवा आठवड्यातून दोन दिवस दुपारी एखाद्या सुशिक्षित पालकाने पहिलीच्या मुलांजवळ बसावे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका याखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपू नये, असे कलम २७ सांगते. शिक्षकांवर असे काम आले असल्यास समितीनेच त्यांच्या बाजूने पत्र द्यावे, कारण शिक्षक स्वतः ते लिहू शकत नाहीत.

मुलांची सुरक्षितता

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस कलम १७ ने बंदी केली आहे. शिक्षकाविषयी तक्रार आल्यास प्रथम मुख्याध्यापकांसमोर दोन्ही बाजू ऐकाव्यात, वर्गात मुलांदेखत जाब विचारू नये आणि तक्रार लेखी घेऊन केंद्रप्रमुखांकडे पाठवावी.

लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर मात्र हा क्रम लागू होत नाही. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवलेच पाहिजे, न कळवणे हाच गुन्हा आहे. गावाची अब्रू, शाळेचे नाव, दोन घरांचे संबंध अशी कोणतीही कारणे पुढे आली, तरी समितीला किंवा गावातील पंचांना हे प्रकरण मिटवण्याचा अधिकार नाही. मुलाचे नाव इतिवृत्तात लिहू नये, बैठकीत घेऊ नये आणि समाजमाध्यमांवर तर कदापि जाऊ देऊ नये. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेला असावा.

मुदत संपताना

दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या बैठकीत प्रलंबित विषयांची यादी करावी : कोणता प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकाने कोणत्या कार्यालयात गेला, शेवटचे स्मरणपत्र केव्हा दिले आणि तेथे सध्या काय उत्तर मिळते. शिल्लक रक्कम, अपूर्ण कामे, देणगीदारांनी दिलेली पण अद्याप न आलेली आश्वासने आणि जडसंग्रहाची मोजणी हेही त्या यादीत यावे. जुन्या व नव्या अध्यक्षांनी आणि मुख्याध्यापकांनी तिच्यावर सह्या कराव्यात. समितीच्या बँक खात्यावरील सही बदलण्याचा ठराव नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत घेऊन त्याच आठवड्यात बँकेत द्यावा, कारण जुन्या अध्यक्षांची सही चालत नाही आणि नव्यांची नोंदलेली नाही, अशा स्थितीत मार्चमध्ये आलेली रक्कम खर्च न होता परत जाते.